काही त्रास नाही

माणसाने आयुष्यभर मोजपट्टी घेऊन दुसऱ्यांची दुःखं मोजत हिंडावं आणि स्वतःच्या घरात काय चाललंय ते त्याला दिसू नये, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. सरांना तो अंधार दिसणं शक्यच नव्हतं, कारण आपण दिवा आहोत याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

सर आरोग्यसेवेचे संशोधक होते. डॉक्टर नव्हेत. नावामागे पदवीचं 'डॉ.' असल्यामुळे चारचौघांत कुणी ना कुणी त्यांच्यापुढे गुडघा धरायचा, मग सरांना सांगावं लागायचं, की बाबा रे, मी आजार बरे करत नाही. आजाराला खर्च किती येतो आणि तो कुणाला परवडतो, याचा मी अभ्यास करतो. समोरचा माणूस गुडघा मागे घ्यायचा आणि विचारायचा, "मग, परवडतो का?"

"नाही," सर म्हणायचे.

तीस वर्षांच्या संशोधनाचा सारांश एवढाच होता. बाकीच्या तळटिपा. त्या तळटिपा मात्र सरांनी फार मन लावून लिहिल्या होत्या, आणि त्या जगात सातआठ जणांनी तरी वाचल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. त्यातल्या दोघांना वाचण्याचे पैसे मिळत होते, ही गोष्ट वेगळी.

सरांचं नाव झालं ते मात्र एका कामामुळे. सरकारी रुग्णालयात खुब्याचा सांधा बदलायची भलीमोठी रांग असायची, आणि ज्याची ओळख मोठी तो त्या रांगेत पुढे जायचा. हे कळायला खरं तर संशोधनाची गरज नव्हती. रांगेतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने शिव्यांसकट सांगितलं असतं. पण सरांनी ते आलेखात काढलं, आणि आलेखात काढलेली गोष्ट सरकारलासुद्धा खरी वाटते. मग सरांनी उपायही दिला. नर्सने प्रत्येक रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारायचे, त्रासाप्रमाणे गुण द्यायचे, आणि ज्याचे गुण जास्त त्याचं ऑपरेशन आधी. ना कुणाची चिठ्ठी, ना कुणाचा फोन. लोक या प्रकाराला 'पट्टी' म्हणू लागले आणि सरांना 'पट्टीवाले सर'. सर वरवर हसायचे, पण मनातून त्यांना ते नाव फार आवडायचं.

पट्टीतला सरांचा सगळ्यात लाडका नियम होता तो नातेवाइकांविषयी. सुरुवातीच्या चाचण्यांत त्यांच्या लक्षात आलं होतं, की शिकलेले नातेवाईक रुग्णाचं दुखणं असं काही रंगवून सांगतात की धडधाकट चालत आलेल्या माणसालाही पैकीच्या पैकी गुण पडतात. ज्याच्यासोबत कुणीच नाही तो बिचारा हो-नाही म्हणतो आणि तळाला जातो. म्हणून सरांनी नियम केला, की नातेवाइकाने सोबत बसावं, पण तोंड उघडू नये. उघडलं तर तपासणी रद्द, पुन्हा नवी तारीख. या नियमावर सरांनी एक अख्खं व्याख्यान बेतलं होतं. 'प्रेम हा वशिल्याचाच एक प्रकार आहे' हे त्यातलं वाक्य. त्यावर हमखास टाळ्या पडायच्या.

तर अशा सरांच्या बायकोचा खुबा झिजला.

बायको म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी शेजारपाजारचे त्यांना बाईच म्हणायचे आणि सरही कधीकधी चुकून म्हणायचे. घर दोन मजली. वर सरांची अभ्यासिका आणि झोपायची खोली, खाली स्वयंपाकघर आणि बैठक. बाईंनी आपलं अंथरूण खाली हलवलं तेव्हा "तुमच्या टकटकीने झोप येत नाही" असं कारण सांगितलं होतं. सर रात्रीही टंकलेखन करतात आणि त्याची कुणीतरी दखल घेतंय, याचं सरांना जरा बरंच वाटलं. पुढे बाई जेवायला बोलवायच्या त्याही खालून फोन करून. बायको आधुनिक झाली, असं सरांनी मानलं. चालताना ती जरा झुलायची, पण वय झालं की कोण झुलत नाही? नेहमीच्या डॉक्टरांनी फोटो काढून "सांधा बदलावा लागेल, यादीत नाव घाला, उशीर केलात तर चालणं अवघड होईल" असं सांगितलं, तेव्हा सर दचकले. मग त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला.

"काळजी करू नकोस. आता तिथे सगळं गरजेप्रमाणे होतं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तुम्हीच केलंय ते."

तपासणीच्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला. लेखकाने आपलंच नाटक बघायला जावं तसे ते निघाले. खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात वजनकाटा, खिडकीत कुणीतरी विसरलेली छत्री. नर्स आणि बाई नाव, वय, डॉक्टरांचं पत्र वगैरे उरकत होत्या तोवर सर भिंतीवरची पाटी वाचत होते: 'नातेवाइकांनी उत्तरे देऊ नयेत.' अक्षरं जरा मोठी हवी होती, असं त्यांना वाटलं. मग प्रश्न सुरू झाले आणि सर डोळे मिटून ऐकू लागले, कारण प्रश्नातला शब्दन् शब्द त्यांचा होता.

"जिना चढताना त्रास होतो का?" नर्सने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

सरांनी डोळे उघडले.

"बाजारातून सामानाची पिशवी उचलून आणताना?"

"नाही."

"जमिनीवर पडलेली वस्तू वाकून उचलताना?"

"नाही."

"अगं..." सर म्हणाले.

नर्सने मान वर न करता पेन पाटीकडे केलं. सरांनी ओठ मिटले. एकदाच होतं म्हणून तिने सोडून दिलं. पुन्हा बोलले असते तर तारीख गेली असती.

"रात्री कुशीवर वळताना झोप मोडते?"

"नाही."

"मोजे घालताना त्रास?"

"नाही."

सरांनी खाकरून पाहिलं, मान हलवून पाहिली, एकदा बाईंच्या चपलेला हळूच बूट लावून पाहिला. बाईंनी पाय बाजूला घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणारा हातही आपलाच, हे सरांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या नीट उमगलं.

"उभं राहून स्वयंपाक करताना?"

"हो. तो होतो," बाई म्हणाल्या.

शेवटी नर्सने बेरीज केली. गुण इतके थोडे पडले, की यादीत बाईंच्या पुढे निम्म्याहून जास्त लोक लागले. किमान वर्षभर तरी थांबावं लागेल, आणि फारच वाईट वाटलं तर एकदा फेरतपासणी मागता येते, असं नर्सने सांगितलं. सरांना ते माहीत होतं. तोही नियम त्यांचाच.

बाहेर आल्याबरोबर बाकावर बसून सर फुटले. "खोटं कशाला बोललीस?"

"खोटं काय बोलले?"

"जिना चढताना त्रास होत नाही तुला?"

"मी जिना चढतच नाही. दोन वर्षं होत आली."

दोन वर्षं आपण वर बसून काय करत होतो ते सरांना आठवलं. 'सेवेपासून वंचित राहणाऱ्यांचा शोध' या विषयावर ग्रंथ लिहीत होते.

"आणि बाजाराची पिशवी?"

"दुकानातला माणूस सामान घरी टाकून जातो. तुम्हीच तर त्याला दार उघडता."

"वाकणं?"

"पडलं की पडू देते. अगदीच लागलं तर स्वयंपाकघरातल्या चिमट्याने उचलते."

"अगं, पण कुशीवर वळताना..."

"आरामखुर्चीत झोपणारा माणूस कूस कशी बदलणार?" बाई म्हणाल्या. "आणि मोजे मी घालतच नाही. तुम्ही वाढदिवसाला लोकरीचे आणलेत ना, ते अजून वेष्टनात आहेत. तुम्ही ते हातात दिलेत तेव्हा मी 'छान आहेत' म्हणाले तेवढ्यावर तुम्ही खूश होऊन वर गेलात."

"मग हे सगळं तिला सांगायचं नाहीस का?"

"तिने ते विचारलं कुठे? 'चढताना त्रास होतो का?' असं विचारलं. जो चढतच नाही त्याला चढताना त्रास कसा होईल? उत्तर शून्यच येणार." बाईंच्या आवाजात वर्गात फळ्यापुढे असायची तशी शांतता होती. "गणित चुकीचं असेल तर ते ज्याने मांडलं त्याला विचारा. मी फक्त सोडवलं."

सर बाकावर बसून राहिले. आधी त्यांना बायकोचं वाईट वाटलं, मग स्वतःचं, आणि मग हळूहळू एक वेगळीच गोष्ट डोक्यात शिरली. पट्टी लागू होऊन किती वर्षं झाली होती! थोडंफार चालणारा-फिरणारा, जिने चढणारा, पिशव्या उचलणारा माणूस 'हो, होतो त्रास' म्हणत होता आणि वर जात होता. ज्याने सगळंच सोडून दिलं होतं त्याला पट्टीच्या हिशेबाने काहीच त्रास नव्हता. गरीब म्हाताऱ्या बायकांचे गुण नेहमी कमी यायचे. सरांनी त्यावर एक आलेख काढला होता आणि या वर्गाची सहनशीलता आश्चर्यकारक आहे असा निष्कर्ष काढला होता. त्या निष्कर्षालाही टाळ्या पडल्या होत्या.

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करायची आणि आईवडिलांच्या आयुष्याची व्यवस्था फोनवरून लावायची.

"बाबा, ते मोठे सर्जन तुमच्या ओळखीचे आहेत ना? एक फोन करा की."

"तोच तर रस्ता मी बंद केला, बाळा."

"मग एकदा उघडा. आईसाठी."

"असं करता येत नाही."

"बाबा, लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते निदान लोकांना तरी उपयोगी पडतं. आईला काय मिळालं त्यातून?"

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ खोलीत येरझारा घालत राहिले. मग खाली बाई टीव्हीपुढे आहेत याची खात्री करून त्यांनी दार लोटलं आणि सर्जनला फोन लावला. सर्जन मोठ्या प्रेमाने बोलले. सरांनी हवेबद्दल विचारलं. मग परिषदेला येणार का विचारलं. मग मुलंबाळं. मग हवा दोन्ही बाजूंनी पुन्हा एकदा झाली. "बाकी काही विशेष?" सर्जनांनी विचारलं, आणि सर म्हणाले, "नाही, सहजच." यात तत्त्वनिष्ठा वगैरे काही नव्हती. सरांना मागायचं कसं तेच येत नव्हतं. वशिल्यावर एवढे लेख लिहिले, पण तो लावतात कसा याचं प्रात्यक्षिक त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. फेरतपासणी मागायची आणि त्याआधी बाईंची तयारी करून घ्यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सर नर्स होऊन बसले.

"जिना चढताना त्रास होतो का?"

"नाही."

"अगं, म्हण ना, हो, होतो."

"मी चढत नाही."

"चढलीस तर होईल ना? मग तेच सांगायचं."

"चढले तर काय होईल, असा प्रश्न आहे का? वाचा बघू पुन्हा." बाईंनी चष्मा काढून ठेवला. "हे बघा, मी आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही. आता निवृत्त झाल्यावर स्वतः करू? आणि तीही प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला शेजारी बसवून?"

आयुष्यात प्रथमच सरांना आपली बायको नको तितकी प्रामाणिक वाटली.

राहता राहिला सरळ मार्ग, जो सरांना सगळ्यात शेवटी सुचला. प्रश्नच बदलायचा. 'चढताना त्रास होतो का' याऐवजी 'शेवटचे कधी चढलात, आणि का थांबलात' असं विचारायचं. कार्यालयात गेल्या गेल्या त्यांनी सहायकाला बोलावून सगळं समजावलं. सहायक हुशार होता आणि स्वभावाने भिडस्त. त्याने ऐकून घेतलं, त्याचे डोळे मोठे झाले, तो म्हणाला, "सर, म्हणजे इतकी वर्षं..." आणि थांबला. मग जरा वेळाने, कानाच्या पाळ्या लाल करत, म्हणाला, "सर, विचारू नये, पण तुमच्या घरचं कुणी यादीत आहे का?"

"आहे," सर म्हणाले.

"मग पट्टी ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत तुम्हाला बसता येणार नाही. तो नियम..."

"माहीत आहे. माझाच आहे."

समितीची बैठक झाली तेव्हा सर बाहेर व्हरांड्यात उभे होते. ज्या समितीने पट्टीला हात लावू नये म्हणून सरांनीच नाना अडसर घालून ठेवले होते, त्या समितीत आता आपली बाजू सहायक मांडतोय आणि आपण पाण्याच्या पिंपाशी उभं राहून दाराला कान लावतोय, ही अवस्था त्यांना मोठी मजेशीर वाटली. म्हणजे, दुसऱ्या कुणाची असती तर वाटली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण सहायकाने बाजू चांगली मांडली. गोष्ट एवढी उघड होती की समितीलासुद्धा समजली. कमी गुण पडलेल्या सगळ्यांना फोन करून नवे प्रश्न विचारायचे आणि यादी पुन्हा लावायची, असं ठरलं.

त्यानंतरचे काही आठवडे सर शीळ घालत वावरले. त्यांनी मनाशी मोठं सुंदर चित्र रंगवलं होतं. ना फोन, ना चिठ्ठी, ना कॉपी. निव्वळ न्यायाच्या बळावर बायकोचं नाव वर जाणार. न्यायही झाला आणि कामही झालं, असा योग संशोधकाच्या आयुष्यात किती वेळा येतो? या अनुभवावर व्याख्यान कसं करता येईल, याचीही त्यांनी जुळवाजुळव सुरू केली होती. सुरुवात कुठल्या विनोदाने करायची तेवढं ठरायचं होतं.

नवी यादी लागली त्या दिवशी सहायक दार न वाजवता आत आला. तसं तो कधी करत नसे.

"सर, मॅडमचे गुण वाढले. चांगलेच वाढले."

"हं?" सर हसले.

"पण नंबर खाली गेला."

सरांचा चेहरा तसाच राहिला, हसू तेवढं आतून गळून गेलं. सहायकाने खुर्ची ओढली आणि सांगायला लागला. तिसऱ्या मजल्यावर राहणारा एक निवृत्त पोस्टमन होता. तो वर्षभर खालीच उतरला नव्हता, म्हणून त्याला जिन्याचा काही त्रास नव्हता. एका बाईंना शेगडीपुढे उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून त्या एकदाच जेवायच्या, आणि तेही कोरडं, म्हणून त्यांना स्वयंपाकाचा काही त्रास नव्हता. एका माणसाने अंघोळच सोडली होती. फोनवर हे सांगताना तो रडला आणि फोन करणारी मुलगीही रडली. हे सगळे तळाला होते. आता ते वर आले होते.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "असंच व्हायला हवं होतं."

"हो सर. पण मॅडमना आता दीडदोन वर्षं..."

"बरोबर आहे," सर पुन्हा म्हणाले. बरोबर असण्याचं त्यांना इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. सरांनी तो बायकोच्या पायावर मारला होता, तोही समितीची रीतसर मंजुरी घेऊन. घरी जाताना रस्ताभर ते वाक्यं जुळवत होते. आधी अभिनंदन करायचं, गुण वाढले म्हणून. मग व्यापक हिताबद्दल थोडं बोलायचं. मग शेवटी, सावकाश, नंबर सांगायचा.

बाई टेबलाशी बसून काकडी चिरत होत्या. एक पाय पुढे लांबवलेला होता.

"गुण वाढले तुझे," सर म्हणाले.

"आणि नंबर?"

सरांनी नंबर सांगितला. बाईंनी सुरी खाली ठेवली आणि हसायला लागल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"वर्गात सगळ्यांचेच गुण वाढले की हे असंच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमचा प्रश्न या वेळी बरोबर होता तर."

सरांनी त्यांना पोस्टमनचं सांगितलं, एकदाच जेवणाऱ्या बाईंचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या आणि त्यांचं हसू ओसरलं. "अरेरे," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचंच व्हायला हवं."

आता आपलं भाषण करायची वेळ आली, असं सरांना वाटलं. ते उभे राहिले. "मी ठरवलंय," ते म्हणाले, "लोकांना मला काय म्हणायचं असेल ते म्हणोत. तीस वर्षांची तत्त्वं मी आज बाजूला ठेवतो. आपण तुझं ऑपरेशन खाजगी रुग्णालयात..."

"ते माझं मागच्याच आठवड्यात ठरलंय," बाई म्हणाल्या. "बसा. माझ्या निवृत्तीच्या पैशांत बसतंय. लेकीने चौकशी केली आहे."

सर बसले. मोठ्या कष्टाने उचललेला त्याग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण खाजगीतही सर्जन तेच असतात. तिथे एक ऑपरेशन झालं की इथल्या रांगेचा तेवढा वेळ..."

"ठाऊक आहे. त्या लेखाचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला त्या पोस्टमनबद्दल वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण मला तुमच्या तत्त्वांसाठी थांबायचं नाही, आणि तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून घाईही करायची नाही. मला दुखतंय हो. फार दुखतंय."

इतक्या महिन्यांत हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. बाईंनी नाही, कारण त्यांना विचारलं नव्हतं. सरांनी नाही, कारण ते अडचणीचे प्रकार, प्रश्नांची रचना आणि यादीचा क्रम यांत गुंतले होते. सरांच्या जिभेवर आलं होतं, 'एक ते दहामध्ये किती?' पण देवाची कृपा, ते त्यांनी गिळलं.

"मी फोन करतो," ते म्हणाले. "आत्ता करतो."

एवढं तरी आपण करू, या निश्चयाने त्यांनी लेकीने बाईंना पाठवलेला नंबर मागून घेऊन लावला. पलीकडे एक मुलगी होती. तिचा आवाज गोड आणि कामाच्या गडबडीतला होता. सरांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, की खुब्याचा सांधा बदलायचा आहे, रुग्ण माझी पत्नी, डॉक्टरांचं पत्र तयार आहे, लवकरात लवकरची तारीख हवी.

"हो सर, नोंद करून घेते," मुलगी म्हणाली. "कुठला खुबा? डावा की उजवा?"

सर बोलायला गेले आणि थांबले.

डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवला होता. तपासणीच्या खोलीत नर्सने विचारला असणार आणि बाईंनी सांगितला असणार. लेकीलाही ठाऊक होता. या विषयावर त्यांनी स्वतः काढलेले आलेख, मांडलेले नियम, घेतलेल्या टाळ्या, सगळं त्यांना पाठ होतं. पण समोर बसलेल्या बाईचा कुठला पाय दुखतो ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टेबलाखाली लांबवलेल्या पायाकडे पाहिलं. पण दुखरा पाय माणूस लांबवतो की दुमडतो, तेही त्यांना सांगता येईना.

"सर? ऐकताय ना? डावा की उजवा?"

कानाशी धरलेला फोन खाली घेऊन सर बाईंकडे वळले. त्यांना अतिशय लाज वाटली आणि ती लपवायला चेहऱ्यावर जागा उरली नव्हती.

"कुठला गं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डावा," त्या म्हणाल्या.

सरांनी फोन कानाला लावला. "डावा," ते म्हणाले. आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, त्यांनी त्या अनोळखी मुलीला सांगितलं, "तिला फार दुखतंय हो."